फळ्यावरचा पडदा मीच काढला

आम्ही मूळचे देवगडकडचे, म्हणजे आजोबा तिकडचे, वडील गिरणीतले आणि मी जोगेश्वरीचा. गावाला घर आहे, त्यात काका राहतात, आणि मी गेलो की मला बसायला खुर्ची देतात, स्वतः ओटीवर बसतात, त्यावरून मी काय ते समजलो. वडील गिरणीत कापडावर नव्हते हो, मेंटेनन्सला होते, फिटर. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्याबरोबरचे कोण वॉचमन झाले, कोण भाजी घेऊन बसले, आमच्या वडलांनी काय केलं, तर तार गुंडाळायला घेतली. मशिनची स्प्रिंग तुटली की गिरणीत हेच लेथवर बसून नवी बनवून द्यायचे, तेवढं एक काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. ते घेऊन मरोळला आले, आधी दुसऱ्याच्या गाळ्यात, मग स्वतः भाड्याने घेतलेल्या, आणि मी बारावीला दुसऱ्यांदा बसलो होतो तेव्हा मला म्हणाले, तिसऱ्यांदा बसण्यापेक्षा इथे उभा राहा. तर मी उभा राहिलो. आज त्रेपन्न वर्षांचा आहे, अजून तिथेच उभा आहे.

स्प्रिंग म्हटलं की लोकांना बॉलपेन आठवतं. तुमच्या कुलपात स्प्रिंग आहे, कुकरच्या हँडलात आहे, बाथरूमच्या नळात आहे, पण चांगली असेल तोवर ती कुणाला दिसत नाही, बिघडली की मग दिसते. माझी बायको म्हणते, तुमचं पण तसंच आहे. म्हणू दे.

आता तुम्हाला फळ्याचं सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्यात काय होतं, गिऱ्हाईक एक स्प्रिंग आणून देतं, ते सँपल, की ह्याच्यासारखी बनवा. किंवा बिचारा काहीच आणत नाही, नुसता हातवारे करून सांगतो, मग आपण दहा प्रकार करून बघायचे, त्यातला जो बसेल तो सँपल. ते सँपल जपायचं, पुढची सगळी वर्षं त्यावरूनच काम. वडलांनी त्यासाठी भिंतीवर फळा ठोकला, त्याच्यावर खिळे, एकेका खिळ्याला एकेक सँपल, आणि प्रत्येकाला पत्र्याची चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव, तार किती जाड, वेढे किती, डावे की उजवे, सगळं लिहायचं. ते काम पहिल्या दिवसापासून माझ्याकडे, कारण माझं अक्षर चांगलं. बारावीत उपयोग झाला नाही, इथे झाला.

आणि फळ्यावर पडदा. आईच्या जुन्या लुगड्याचा होता, तो विरला, मग चादरीचा आला. बाहेरचा कोणी गाळ्यात आला की पहिला पडदा ओढायचा, मग या बसा. वडील सांगायचे, मोहना, ह्या दुसऱ्याचा आसा, उघड्यार ठेवूचा नाय. एका गिऱ्हाइकाचं सँपल दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिसता कामा नये, कारण दोघं एकाच धंद्यातले निघाले तर काय? मी तर वडलांच्या दोन पावलं पुढे. मी पाण्याच्या बाटल्या देणारा आला तरी पडदा ओढतो. सोसायटीचा माणूस मेंटेनन्सची पावती घेऊन येतो, त्याला स्प्रिंगमधलं काय कळणार, तरी ओढतो. बायको सुनंदा म्हणते, तुमका जगातलो प्रत्येक माणूस चोर दिसता. ती मालवणची आहे, तिच्या माहेरी दारं उघडी टाकून बाजारात जातात.

तर असा मी. आणि ह्या असल्या माणसाला त्याच्या मुलीने सोशल मीडियावर नेलं.

केतकी आमची एकुलती एक, अंधेरीला एका ऑफिसात आहे, दिवसभर त्या कॉम्प्युटरवरच असते. ती म्हणाली, पप्पा, तुमची गिऱ्हाइकं किती? मी म्हटलं सात. त्यातली जुनी किती? म्हटलं सगळी. मग ती बोटांवर मोजायला लागली, आणि ती मोजायला लागली की मला भीती वाटते. खरं होतं ते. सातातले दोन दुकान बंद करायच्या बेतात, आणि महिन्याच्या कामातलं अर्धं काम एकाच माणसाचं, प्रवीणभाई, घाटकोपरचे, शेतीच्या फवारणीचे पंप बनवतात. वडलांच्या वेळेपासूनचे. केतकी म्हणाली, हा माणूस उद्या थांबला तर? म्हटलं, थांबणार कशाला. म्हणाली, सत्तरीचे आहेत ना ते? तिच्यात तिच्या आजोबांचा फिटरपणा उतरलाय, ठिसूळ कुठे आहे ते बरोबर हाताला लागतं.

मग तिने मला त्या धंद्याच्या ओळखी करायच्या साइटवर घातलं. साधी नव्हे, तिथे सगळे मोठे लोक, प्रत्येकाचा फोटो टाय घालून, आणि हाताची घडी. शाळेत मास्तर तोंडावर बोट आणि हाताची घडी सांगायचे ना, तसे सगळे. मी विचारलं, हे एवढे लोक हात बांधून बसलेत तर काम कोण करतं? तर म्हणाली, पप्पा प्लीज.

पहिल्या महिन्यात काय काय आलं, काय सांगू तुम्हाला. एक बाई आली, अमुक देशातली, मला गुड मॉर्निंग, डियर. मला सुनंदा कधी डियर म्हणाली नाही, ह्या बाईला स्प्रिंगमध्ये काय इंटरेस्ट? ब्लॉक. एक जण आला, तुमचा माल परदेशी पाठवून देतो, फक्त फॉर्म भरा. ब्लॉक. एकाने कामाला तीस वर्षं झाल्याबद्दल माझं अभिनंदन केलं. ह्याला कसं कळलं? केतकी म्हणाली, साइट सांगते सगळ्यांना. म्हटलं, साइटला कोणी सांगितलं? मी, म्हणाली. त्यालाही ब्लॉक केला, तर तो तिच्याच ऑफिसचा साहेब निघाला. मग दोन दिवस घरात माझ्याशी कोणी बोललं नाही.

ती म्हणाली, तुम्ही नुसते संशय घेत बसलात तर ओळख होणार कशी, जरा काम दाखवा लोकांना. आणि एका शनिवारी दुपारी फोटो काढायला गाळ्यात आली. मला इस्त्रीचा शर्ट आणला होता. मला भट्टीजवळ उभा केला, तर घाम. लेथजवळ, तर पाठीमागे पंखा, त्याच्या पात्यांवर मागल्या दिवाळीपासूनची धूळ. मग फळ्यासमोर उभा केला, पाणीवाला नुकताच येऊन गेलेला म्हणून पडदा ओढलेलाच होता, म्हणाली, इथे उजेड चांगला आहे, पण पप्पा, ही चादर. त्या चादरीवर हत्ती होते, आणि ते हत्ती धुऊन धुऊन डुकरांसारखे झालेले. ती म्हणाली, चादर नको दिसायला.

आणि मी, पाणीवाल्याला फळा न दाखवणारा मी, हात वर केला आणि पडदा सरकवला. तिने नाही सरकवला, तिला माहीतही नव्हतं तो का असतो, मी तिला कधी सांगितलंच नव्हतं, घरच्यांसमोर कुठे ओढायचा असतो पडदा. मला काय वाटलं तेव्हा? काहीच नाही. फोटो चांगला यायला पाहिजे, एवढंच. माणूस इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला की त्याचं डोकं चालत नाही बहुतेक. मी हाताची घडीसुद्धा घातली.

फोटो काय आला म्हणून सांगू. मागे सगळा फळा, ओळीने स्प्रिंगा, चकाकणाऱ्या, दागिन्यांच्या दुकानात असतात तशा. केतकीने खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलं, दोन पिढ्यांचं काम असं. आणि लोकांनी बघितला. मी रोज विचारायचो, आज किती? तीनशे. आज? सातशे. अकराशे झाले तेव्हा मी सुनंदाला सांगितलं, तुझ्या माहेरच्या गावात एवढी माणसं नाहीत. ती म्हणाली, आसत, पण ती दुसऱ्याच्या घरात डोकावणत नाय.

त्यातून शेट्टी आला. मुलुंडच्या एका कंपनीत खरेदीचं बघणारा. साधा, दोन ओळींचा मेसेज, तुमचं काम आवडलं, भेटू या का. डियर नाही, फॉर्म नाही, काही नाही. म्हणजे मला आणखीच संशय. केतकी म्हणाली, पप्पा, हा खरा आहे, कंपनी खरी आहे. म्हटलं, कॉम्प्युटरवर खरी आहे, मुलुंडला आहे का ते बघून येतो.

आणि खरंच गेलो. न सांगता. मुलीसाठी स्थळ बघायला जाताना शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे आडून आडून विचारतात ना, तसं. केतकीचं अजून जमायचंय, तेवढीच प्रॅक्टिस. बसने उतरलो, कंपनी शोधली, समोरच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याला विचारलं, काय हो, ह्या कंपनीत माणसं किती? मग एक वडा घेतला. पगार वेळेवर होतो का? टपरीवाला म्हणाला, तुम्ही युनियनचे का? मग गेटवर गेलो, वॉचमनला म्हटलं, सहज आलोय. वॉचमन म्हणाला, सहज कोणी येत नाही इथे, नाव लिहा. माझ्यापेक्षा संशयी माणूस मला पहिल्यांदा भेटला, मला तो आवडला. तेवढ्यात वरच्या खिडकीतून आवाज, अरे मोहनसाहेब ना, वर या, वर या. शेट्टी. फोटोवरून ओळखलं मला. मी हळूच वडा खिशात टाकला, इस्त्रीच्या शर्टाच्या.

चांगला माणूस हो. पस्तीस-चाळीसचा, चहा मागवला, मला एसी लागेल का विचारलं. मी मनात म्हटलं, मोहन, सगळेच काही चोर नसतात. मला खूप बरं वाटलं, खोटं नाही सांगत. नवीन गिऱ्हाईक, आठवं, आणि मी स्वतः मिळवलेलं, वडलांनी नाही. मग तो म्हणाला, आम्हालापण पंपासाठीच हवीय, आणि कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला, माझाच फोटो, आणि तो मोठा करत गेला. माझं तोंड बाजूला गेलं, कान गेला, खांदा गेला, आणि मग तिसरी ओळ, एक स्प्रिंग, आणि तिच्या खाली चिठ्ठी. प्रवीणभाई, घाटकोपर. तार एक पूर्णांक दोन. वेढे नऊ, उजवे. माझं अक्षर. दुकानाच्या पाटीएवढं.

शेट्टी म्हणाला, ही हवी, ह्यांचा पंप गळत नाही. आणि म्हणाला, अक्षर काय सुंदर आहे तुमचं.

ती स्प्रिंग कशी झाली होती ते सांगतो. प्रवीणभाईंचा पंप बंद केला तरी थेंब थेंब गळायचा. स्प्रिंग कडक केली तर पाणी सुटायचं नाही, ढिली केली तर थांबायचं नाही. आठ महिने आम्ही दोघं, मी बनवायचो, ते पंपात घालून बघायचे, परत. गाळ्यात एकदा प्रवीणभाई चप्पल काढून बादलीत पाय बुडवून बसले होते, पंप हातात, थेंब मोजत. नऊ वेढ्यांवर गळणं थांबलं तेव्हा त्यांनी पेढे आणले. त्या एका गोष्टीवर त्यांचा पंप चालतो बाजारात. आणि ते मी अकराशे लोकांना वाचायला दिलं.

मी शेट्टीला म्हटलं, ही दुसऱ्याची आहे, मी नाही देऊ शकत. तो चिडला नाही. म्हणाला, सर, बरोबर आहे तुमचं, पण आकडे तर तुम्हीच लावलेत ना. म्हणजे काय ते मला समजलं. मी नाही म्हटलं तर तो पुढच्या गाळ्यात जाईल, तार, वेढे, डावे-उजवे, सगळं लिहिलेलंच आहे. हात जोडून उठलो. दाराशी तो म्हणाला, नो प्रॉब्लेम सर, कनेक्टेड राहू. अजून मला वाढदिवसाला शुभेच्छा पाठवतो.

बाहेर येऊन केतकीला फोन केला, काढ तो फोटो, आत्ताच्या आत्ता. तिने विचारलंसुद्धा नाही, काढला. संध्याकाळी तिला पडद्याचं सांगितलं, तर रडली, म्हणाली, पप्पा, मला सांगितलं असतं तर. मी म्हटलं, तुझं काही नाही गं, हात माझा होता. सुनंदा म्हणाली, जगावर नजर ठेवलात नि घराचा दार उघडा टाकलात. मग जेवायला वाढताना तिने मला जास्तीचा मासा वाढला, त्यावरून मला कळलं की वाट मोठी लागलीय.

आता प्रवीणभाईंना सांगायचं की नाही. तीन दिवस मी नुसता त्यांचा फोन ऐकत होतो. ते म्हणायचे, हां मोहनभाई. मी विचार करायचो, हां जरा लांब म्हणाले का? कालचा हां आखूड होता. म्हणजे त्यांना कळलं? कोणी फोटो दाखवला? त्यांनी विचारलं, माल कधी, तर मला ऐकू आलं की माल कुणाकुणाला. सांगितलं नाही तर चालून जाईल, असंही मनात आलं, का येणार नाही, फोटो गेला, शेट्टी काही स्वतःहून सांगायला जाणार नाही. पण उद्या मुलुंडचा पंप बाजारात आला आणि गळला नाही, तर प्रवीणभाई पहिला हिशोब कुणाशी जोडतील? ती स्प्रिंग जगात दोघांनाच माहीत होती. आणि तेव्हा मी काय सांगणार, की मला माहीत होतं पण बोललो नाही?

चौथ्या दिवशी घाटकोपरला गेलो. त्यांच्या कारखान्यात पहिल्या मजल्यावर त्यांची केबिन, तिथे बसलो, आणि उभ्या उभ्या सांगावं तसं बसल्या बसल्या सगळं सांगितलं, वड्यासकट. ऐकून झाल्यावर म्हणाले, फोटो दाखवा. साइटवरून काढला होता, पण माझ्या मोबाइलमध्ये होता, मी काढून टाकायला विसरलो होतो की मन झालं नव्हतं, देव जाणे. त्यांनी चष्मा लावला. खूप वेळ बघितला. म्हणाले, फोटो तर सरस आलाय. मग विचारलं, किती लोकांनी पाहिला? तो आकडा मी घरात नाचत सांगितला होता, तिथे खाली बघून सांगितला. मग म्हणाले, पडदा कोणी काढला?

म्हटलं, मी.

मुलीने नाही?

म्हटलं, नाही, मीच.

त्यांनी मोबाइल परत दिला, चष्मा पुसला, आणि म्हणाले, सँपल आणून द्या मोहनभाई. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, चढलेला आवाज उतरतो. आमच्यात सँपल परत मागितलं की समजायचं, काम गेलं. दुसऱ्या दिवशी मी ते खिळ्यावरून काढलं, चिठ्ठी सोडवली, कागदात गुंडाळून नेऊन दिलं. त्यांनी खणात ठेवलं आणि चावी फिरवली. मी जिन्याशी आलो तेव्हा मागून म्हणाले, सोमवारी ड्रायव्हर येईल, पाच हजार पीस पाहिजेत.

म्हणजे काम आहे. तेव्हापासून असं चाललंय, दीड वर्ष होत आलं. सोमवारी ड्रायव्हर सँपल घेऊन येतो, डबीत घालून, मी माल बनवतो, झाला की माल आणि सँपल दोन्ही घेऊन तो जातो. मला ते नऊ वेढे झोपेतसुद्धा येतात, सँपल बघायची गरज नाही, हे प्रवीणभाईंनाही माहीत आहे. तरी डबी येते आणि डबी जाते. पूर्वी माल पोचला की त्यांचा फोन यायचा, तब्येत कशी, केतकीचं कुठे जमलं का. तो आता येत नाही. मुलुंडचा पंप आला का बाजारात? माहीत नाही. कुठे नळीला स्प्रे दिसला की मी वाकून बघतो गळतोय का. गळत असला की मला बरं वाटतं.

साइट मात्र सोडली नाही. केतकी म्हणाली, बंद करू, मी म्हटलं नको. साइटवरून आणखी दोन गिऱ्हाइकं आली, खरी, दोघांनाही मी जाऊन बघून आलो, ह्या वेळी फोन करून. आता फोटो टाकायचा तर फक्त मशिनचा, आणि टाकायच्या आधी केतकी, सुनंदा आणि मी तिघं बसून त्याचा कोपरान् कोपरा मोठा करून बघतो, लग्नाच्या फोटोत कोण कुणाशेजारी उभं आहे ते बघतात तसं.

आणि चारेक महिन्यांपूर्वी एक रिक्वेस्ट आली. प्रवीणभाई. मला आधी वाटलं कोणीतरी खोटा, नाव लावून आलाय, ब्लॉक करणार होतो. केतकीने बघितलं, म्हणाली, खरे आहेत, सुनेने काढून दिलंय अकाउंट. फोटोत टाय नाही, घडी नाही, नुसते खुर्चीत बसलेत. आता ह्या माणसाला सत्तराव्या वर्षी कुणाच्या ओळखी करायच्या होत्या? माझ्याशिवाय त्यांच्या ओळखीत दोघंच, सून आणि एक बँकवाला. म्हणजे माझ्यासाठीच आले. मी घेतली रिक्वेस्ट. काय करणार, नाही कसं म्हणणार.

मी काही टाकलं की माझ्या पानावर कोण कोण येऊन बघून गेलं ते साइट दाखवते, तेव्हापासून त्यात प्रवीणभाई असतातच. अंगठा कधी दिला नाही. एक शब्द कधी लिहिला नाही. सुनंदा म्हणते, बघतत म्हणजे अजून माया आसा. मला वाटतं, बघतात म्हणजे विश्वास नाही. काही असो, बघू देत. त्यांच्या जागी मी असतो तर मीपण बघितलं असतं, आणि दिवसातून दोनदा बघितलं असतं.

तुम्ही हे सगळं लिहून घेतलंत, छापा, माझं काही म्हणणं नाही. स्प्रिंगचे आकडे मी तुम्हाला बरोबर सांगितले असं समजू नका, तेवढा मी शहाणा झालोय. नावंपण बदला. माझा फोटो मागितलात, तो नको. पण एक करा, छापायच्या आधी एक प्रत घाटकोपरला पाठवा, पत्ता मी देतो. ते वाचतील. काही बोलणार नाहीत बहुतेक. पण ह्या वेळी दुसऱ्या कुणी बघायच्या आधी त्यांना कळू दे. तुमचं पुस्तक चालू दे चांगलं, देव बरं करो. घ्या, चहा निवला तुमचा.